क्युबा पेच, ऑक्टोबर १९६२: साधने कशी गोळा करायची, कशी पडताळायची

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी, सेट-नेटच्या तयारीसाठी किंवा निव्वळ कुतूहलापोटी क्युबाच्या क्षेपणास्त्र पेचाकडे वळलात, तर साधनांचा तुटवडा तुम्हाला जाणवणार नाही. ती भरमसाट आहेत, बहुतेक फुकट आहेत आणि एकमेकांच्या विरोधात बोलतात. कोणता कागद आधी वाचायचा, कुणाचे कितपत खरे धरायचे, हे मला सुरुवातीला कुणी सांगितले नव्हते. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून क्रमाने सांगते.

आपल्याकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याला बखर आणि पत्र यांतला फरक लवकर शिकवतात. पत्र त्या क्षणाचे, बखर मागाहून रचलेली, म्हणून पत्रावर भरवसा जास्त. राजवाड्यांपासून चालत आलेली ही शिकवण मोलाची आहे, पण क्युबाच्या बाबतीत ती डोळे मिटून लावलीत तर फसाल. इथे त्याच आठवड्यात लिहिलेला एक सरकारी कागद जाणूनबुजून अर्धवट ठेवलेला आहे, आणि तीस वर्षांनी सांगितलेल्या एका आठवणीने अमेरिकेचे तेव्हाचे अंदाज पार उलथवले आहेत.

ज्यांना घटनाक्रम नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: १४ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकेच्या यू-२ या हेरगिरीच्या विमानाने क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्र-तळांची छायाचित्रे घेतली. १६ तारखेला ती राष्ट्राध्यक्ष केनेडींपुढे आली. २२ तारखेला त्यांनी दूरचित्रवाणीवरून क्युबाच्या नाकेबंदीची घोषणा केली. २७ तारखेला क्युबावर एक यू-२ पाडले गेले आणि वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन मारला गेला. २८ तारखेला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे काढून घेत असल्याचे मॉस्को रेडिओवरून जाहीर केले. त्या बदल्यात अमेरिकेने क्युबावर स्वारी न करण्याचे जाहीर आश्वासन दिले, आणि तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढण्याचे गुप्त आश्वासनही दिले.

कामाला लागण्याआधी हाताशी काय हवे

एक एक्सेल शीट किंवा मोठी वही, चांगले हेडफोन आणि पुढील संग्रहांची ओळख. बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयात ध्वनिफिती आणि केनेडी बंधूंचे कागद आहेत. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या ‘फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ या मालिकेतले १९६१-६३ चे खंड ६ आणि ११ लागतील. सहाव्यात केनेडी-ख्रुश्चेव्ह पत्रव्यवहार आहे, अकराव्यात या पेचाचे दस्तऐवज. सोव्हिएत आणि क्युबन कागदांचे इंग्रजी अनुवाद वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरच्या डिजिटल संग्रहात मिळतात. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्हमध्ये माहिती-अधिकारातून सोडवून घेतलेले कागद आहेत.

या शेवटच्या नावाने नवखे हमखास गोंधळतात. नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह ही बिगरसरकारी संस्था आहे. अमेरिकेचे सरकारी अभिलेखागार म्हणजे नॅशनल आर्काइव्ह्ज वेगळे, आणि नॅशनल सिक्युरिटी एजन्सी ही हेरखात्यातली संस्था आणखी वेगळी. तळटिपेत यांची अदलाबदल झाली, तर परीक्षकाचा तुमच्या बाकीच्या तळटिपांवरचाही विश्वास उडतो.

१. प्रश्न एकच घ्या, आणि लहान घ्या

“क्युबा पेच कुणी सोडवला?” हा प्रश्न घेऊन साधनांकडे गेलात तर सगळीच साधने उपयोगी वाटतील आणि एकही तपासता येणार नाही. “२७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूताला तुर्कस्तानातल्या क्षेपणास्त्रांबद्दल नेमके काय सांगितले?” असा प्रश्न घ्या. (रॉबर्ट हे राष्ट्राध्यक्षांचे धाकटे भाऊ आणि अमेरिकेच्या न्याय खात्याचे प्रमुख.) खोलीत दोघेच होते, तारीख पक्की आहे, वेळ जवळजवळ पक्की आहे. अशा प्रश्नावर साधने एकमेकांशेजारी मांडता येतात. पुढे हाच प्रश्न उदाहरण म्हणून वापरला आहे.

२. घड्याळे जुळवा

शीटमध्ये प्रत्येक घटनेपुढे वॉशिंग्टनची वेळ, मॉस्कोची वेळ आणि ग्रिनिच वेळ असे तीन रकाने करा. अमेरिकी नौदलाच्या नोंदी बहुधा ग्रिनिच वेळेत असतात. वेळेच्या आकड्यापुढचे ‘झेड’ अक्षर ती खूण. वॉशिंग्टनमध्ये उन्हाळी वेळ २८ ऑक्टोबरच्या पहाटे संपली. त्यामुळे २७ तारखेपर्यंत मॉस्को सात तास पुढे होते आणि २८ तारखेला आठ. ऐन निर्णायक रात्री हा एक तासाचा फरक पडतो, आणि “हा निरोप तो निर्णय होण्याआधी पोचला की नंतर” हा सगळा वाद तासांवरच चालतो.

निरोप निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ वेगवेगळी लिहा. वॉशिंग्टनच्या सोव्हिएत दूतावासाला मॉस्कोशी बोलायला थेट फोन नव्हता. राजदूत अनातोली दोब्रिनिन यांनी नंतर सांगितले आहे की सांकेतिक लिपीतली तार न्यायला वेस्टर्न युनियनचा एक पोरगा सायकलवरून यायचा, आणि तो वाटेत कुठे रेंगाळू नये एवढीच प्रार्थना ते करायचे. २६ तारखेचे ख्रुश्चेव्ह यांचे लांबलचक पत्रही मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासातून वॉशिंग्टनला पूर्ण पोचायला तासन्‌तास लागले. दोन राजधान्यांमधली ‘हॉटलाइन’ १९६३ मध्ये सुरू झाली ती या अनुभवामुळेच.

३. प्रत्येक साधनापुढे चार गोष्टी लिहा

घटना कधी घडली, नोंद कधी झाली, ती पहिल्यांदा लोकांपुढे कधी आली, आणि ती कुणाच्या वाचनासाठी लिहिली होती. चौथा रकाना भरायचा कंटाळा करू नका, बहुतेक कोडी तिथेच सुटतात. राजदूताची तार वरिष्ठांसाठी असते. तिच्यात राजदूत स्वतःला ठाम दाखवतो. मंत्र्याचे टिपण फायलीसाठी असते. उद्या ती फाईल कोण उघडेल याचा विचार त्यात असतो. आठवणींचे पुस्तक मतदारांसाठी किंवा पुढच्या पिढीसाठी असते.

४. एकाच भेटीचे सगळे कागद शेजारी मांडा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. २७ ऑक्टोबरला संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास रॉबर्ट केनेडी आणि दोब्रिनिन न्याय खात्यातल्या कार्यालयात भेटले. त्या भेटीबद्दलची साधने अशी आहेत.

पहिले, दोब्रिनिन यांची त्याच रात्रीची तार. तिच्यात तुर्कस्तानचा विषय स्पष्ट आहे. राष्ट्राध्यक्षांना त्यात न सुटणारी अडचण दिसत नाही, चार-पाच महिने लागतील, मात्र हे जाहीरपणे बोलता येणार नाही, असे रॉबर्ट केनेडी म्हणाल्याचे तार सांगते. समोरचा माणूस फार अस्वस्थ होता, याआधी असा कधी दिसला नव्हता, असेही दोब्रिनिन लिहितात. ही तार संशोधकांच्या हाती आली ती १९९० च्या दशकात.

दुसरे, रॉबर्ट केनेडींनी परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांच्यासाठी केलेले ३० ऑक्टोबरचे टिपण. त्यात देवाणघेवाण शक्य नाही, हा नाटोचा विषय आहे, असे सांगितल्याचे लिहिले आहे. पुढे चार-पाच महिन्यांत या गोष्टी समाधानकारकपणे मार्गी लागतील, अशा अर्थाचे वाक्य टंकलेले आहे आणि त्यावर काट मारलेली आहे. हा कागद छापील मजकुरापेक्षा मूळ पानाच्या प्रतिमेत पाहा. काट दिसली नाही तर कागदाचा अर्थच उलटतो.

तिसरे, रॉबर्ट केनेडींचे ‘थर्टीन डेज’ हे पुस्तक. जून १९६८ मध्ये त्यांची हत्या झाली आणि पुस्तक १९६९ मध्ये आले. त्यातही सौदा नाही. राष्ट्राध्यक्षांना ती क्षेपणास्त्रे तशीही काढायचीच होती आणि पेच मिटल्यावर ती लवकरच जातील, एवढेच आहे.

चौथे, ख्रुश्चेव्ह यांच्या आठवणी, पदावरून गेल्यानंतर त्यांनी ध्वनिफितींवर सांगितलेल्या आणि १९७० मध्ये पाश्चात्त्य देशांत प्रसिद्ध झालेल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रॉबर्ट केनेडी म्हणाले की परिस्थिती अशीच राहिली तर लष्कर राष्ट्राध्यक्षांना उलथवून सत्ता घेईल. तारेत असे काही नाही. तारेत लढाईला उतावीळ झालेल्या सेनापतींचा उल्लेख आहे, सत्तापालटाचा नाही. ख्रुश्चेव्ह यांच्यापुढे तेव्हा दप्तर नव्हते, आणि माघार का घेतली याचे उत्तर त्यांना द्यायचे होते.

पाचवे, १९८९ च्या जानेवारीत मॉस्कोत भरलेल्या परिषदेतली कबुली. दोब्रिनिन यांनी ‘थर्टीन डेज’मधल्या या भेटीच्या भागावर बोट ठेवले, तेव्हा केनेडींचे सहकारी थिओडोर सोरेनसन यांनी मान्य केले की रॉबर्ट केनेडींच्या रोजनिशीत सौद्याचा उल्लेख अधिक स्पष्ट होता आणि संपादन करताना तो आपणच काढला, कारण तेव्हा ती बाब अमेरिकेतही मोजक्यांनाच ठाऊक होती.

आता हे पाचही शेजारी ठेवून वाचा. दोब्रिनिन यांना नसलेले आश्वासन रचून मॉस्कोला कळवण्यात धोका होता, लाभ नव्हता. त्यांची तार आणि टिपणातले काट मारलेले वाक्य यांत ‘चार-पाच महिने’ हा तपशील एकच आहे, आणि हे दोघे एकमेकांचा कागद पाहून लिहीत नव्हते. तुर्कस्तानातली ज्युपिटर एप्रिल १९६३ मध्ये खरोखरच हलवली गेली. म्हणून आश्वासन दिले गेले, हे मी निश्चित धरते. ‘सौदा’ हा शब्द दोन्ही बाजूंनी त्याच अर्थाने घेतला होता का, हे मात्र या कागदांवरून ठरत नाही, आणि मी विद्यार्थ्यांना तिथेच थांबायला सांगते.

५. ध्वनिफिती स्वतः ऐका

केनेडींनी बैठकांचे गुपचूप ध्वनिमुद्रण केले होते, आणि खोलीतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. त्या अस्तित्वात आहेत हेच बाहेर कळले १९७३ मध्ये. इतके थेट साधन इतिहासकाराला क्वचित मिळते. पहिल्याच दिवशी, १६ ऑक्टोबरला, रॉबर्ट केनेडी स्वारीला निमित्त मिळावे म्हणून एखादे जहाज बुडवण्यासारखा प्रसंग घडवता येईल का, असे बोलताना ऐकू येतात. पुस्तकातला सुरुवातीपासून संयमाची बाजू लावून धरणारा भाऊ आणि फितीवरचा भाऊ यांतले अंतर तुम्हाला स्वतःच्या कानांनी कळते.

पण दोन सापळे आहेत. एक, छापील उतारे, म्हणजे फिती ऐकून उतरवलेला मजकूर, म्हणजे फीत नव्हे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उताऱ्यांत बऱ्याच चुका असल्याचे शेल्डन स्टर्न यांनी दाखवून दिले. ते केनेडी ग्रंथालयातच इतिहासकार होते आणि त्यांनी फिती वर्षानुवर्षे ऐकल्या होत्या. पुढे सुधारित आवृत्ती आली. जे वाक्य तुमच्या युक्तिवादाचा कणा आहे ते हेडफोन लावून ऐकाच. खोकला, खुर्च्यांचे आवाज, दोघे एकदम बोलणे यांतून शब्द निसटतात. दुसरा सापळा मोठा: जे मुद्रित झाले नाही ते घडले नाही, असे वाटू लागते. तुर्कस्तानचे आश्वासन द्यायचे हे २७ तारखेला मुख्य बैठकीनंतर मोजक्यांच्या वेगळ्या बैठकीत ठरले. तिची फीत नाही. ती झाली होती हे केनेडींचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांनी १९८८ मध्ये उघड केले.

मॉस्कोत असे ध्वनिमुद्रण नव्हते. तिथल्या अध्यक्षमंडळाच्या, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च मंडळाच्या, बैठकींची व्लादिमीर मालिन यांनी केलेली टिपणे आहेत, तुटक, अर्ध्या वाक्यांची. ती वाचताना मोकळ्या जागा आपल्या कल्पनेने भरायचा मोह आवरा.

६. साक्षी मोजू नका, त्यांचा उगम पाहा

पाच पुस्तकांत तेच लिहिले आहे म्हणजे पाच पुरावे झाले असे नाही. पाच घागरींत एकाच विहिरीचे पाणी असू शकते. तळटिपा मागे मागे नेत जा. बऱ्याचदा शेवटी ‘थर्टीन डेज’ किंवा डिसेंबर १९६२ मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ने छापलेला, केनेडींच्या जवळच्या पत्रकारांनी लिहिलेला लेख निघतो.

२४ ऑक्टोबरचे उदाहरण घ्या. नाकेबंदीच्या रेषेवर दोन्ही ताफे नजरेला नजर देऊन उभे होते आणि सोव्हिएत जहाजांनी ऐन वेळी कच खाल्ली, हे चित्र इतके पसरले आहे की ते तपासावेसे कुणाला वाटत नाही. जहाजांच्या स्थानांच्या नोंदी सांगतात की क्षेपणास्त्रे नेणारे ‘किमोव्स्क’ आदल्याच दिवशी मागे वळले होते आणि रेषेपासून शेकडो मैल दूर होते. व्हाइट हाउसला ही बातमी उशिरा मिळाली, त्यामुळे तिथल्या लोकांना तो ताण खराच जाणवला. त्यांच्या आठवणी खोट्या नाहीत, फक्त त्या समुद्रावरच्या घटनेबद्दल काही सांगू शकत नाहीत.

दोन स्वतंत्र साक्षीदार एकमेकांना छेदतात तेव्हाही घाईने एकाला खोटे ठरवू नका. वार्ताहर जॉन स्काली आणि केजीबीचे अलेक्झांडर फेक्लिसोव्ह २६ तारखेला वॉशिंग्टनच्या ऑक्सिडेंटल उपाहारगृहात जेवले. तोडग्याचा प्रस्ताव कुणी मांडला? प्रत्येकाने कायम दुसऱ्याचे नाव घेतले. इथे “परस्परविरोधी” अशी नोंद करून पुढचा प्रश्न विचारा: त्या भेटीचा मॉस्कोतल्या निर्णयावर परिणाम झाला का? फेक्लिसोव्ह यांचा अहवाल मॉस्कोत इतका उशिरा पोचला की ख्रुश्चेव्ह यांच्या पत्राशी त्याचा संबंध लावता येत नाही.

७. उशिराच्या आठवणी टाकून देऊ नका, फोडून वाचा

१९६२ मध्ये सीआयएचा अंदाज होता की क्युबात सुमारे दहा हजार सोव्हिएत सैनिक असतील. प्रत्यक्षात ते ४२ हजारांच्या आसपास होते. अण्वस्त्रे कुठे ठेवली होती तेही छायाचित्रांतून ओळखता आले नाही. त्या काळचा अहवाल प्रामाणिक होता, पण त्याला दिसत होते तेवढेच त्यात आले.

जानेवारी १९९२ मध्ये हवानातल्या परिषदेत सोव्हिएत जनरल अनातोली ग्रिबकोव्ह यांनी सांगितले की क्युबात रणांगणावर वापरायची छोटी अण्वस्त्रेही होती, आणि ती वापरायचा अधिकार तिथल्या सेनापतीकडे होता. समोर बसलेले रॉबर्ट मॅकनमारा, १९६२ मधले अमेरिकेचे संरक्षणमंत्री, हादरले. पहिला भाग कागदपत्रांनी पक्का झाला. दुसरा तसाच टिकला नाही: अधिकार देणाऱ्या आदेशाचा सापडलेला मसुदा सहीविना होता, आणि मॉस्कोच्या परवानगीशिवाय अण्वस्त्रे वापरू नयेत असा आदेश २७ ऑक्टोबरला गेला होता. एकाच साक्षीतली दोन विधाने, दोन वेगळे निकाल. म्हणूनच म्हणते, आठवण वाक्यावाक्याने तपासा.

बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीचेही असेच. व्हॉट्सॲपवर वर्षातून एकदा फिरणारी “जग वाचवणारा माणूस” ही गोष्ट, म्हणजे पाणबुडीवरचे अधिकारी वासिली अर्खिपोव्ह यांनी अण्वस्त्रधारी टॉर्पेडो सोडण्याविरुद्ध मत देऊन अणुयुद्ध टाळले ही कथा, प्रामुख्याने त्याच पाणबुडीवर असलेल्या वादिम ऑर्लोव्ह यांच्या आठवणींवर उभी आहे. अमेरिकी जहाजांच्या नोंदींवरून सरावाचे छोटे स्फोटक टाकले गेले आणि पाणबुडी २७ च्या रात्री वर आली, एवढे नक्की कळते. ऑर्लोव्ह यांच्या सांगण्यात कप्तान सावित्स्की पाण्याखाली असतानाच संतापून अण्वस्त्रधारी टॉर्पेडोकडे वळतो. वासिली अर्खिपोव्ह यांनी स्वतः १९९७ मध्ये केलेल्या निवेदनात मात्र धोक्याचा क्षण पाणबुडी वर आल्यानंतरचा आहे, अमेरिकी विमाने डोक्यावरून घिरट्या घालत असतानाचा. अर्खिपोव्ह यांचा संयम दोन्हींत दिसतो, प्रसंग मात्र वेगळा आहे. मतदानाचा रंगवलेला देखावा प्रबंधात घेऊ नका.

८. हवाना विसरू नका, आणि आपली बाजूही पाहा

फिडेल कास्ट्रो यांनी २६-२७ च्या रात्री सोव्हिएत दूतावासात बसून ख्रुश्चेव्ह यांना पत्र लिहवून घेतले. ते नोव्हेंबर १९९० मध्ये ‘ग्रान्मा’ या क्युबाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्राने छापले. “कास्ट्रोने अणुहल्ला मागितला” एवढेच उद्धृत केलेले दिसेल. पूर्ण पत्रात ती मागणी अमेरिकेने क्युबावर प्रत्यक्ष स्वारी केली तर, या अटीला बांधलेली आहे. शिवाय १६ ते २८ ऑक्टोबर ही तेरा दिवसांची चौकट अमेरिकेची आहे. क्युबातल्या आयएल-२८ बॉम्बफेकी विमानांवरून तणाव २० नोव्हेंबरपर्यंत चालू होता.

त्या महिन्याची मराठी वृत्तपत्रे ग्रंथालयात चाळलीत तर पाने चीनच्या आक्रमणाने भरलेली दिसतील. २० ऑक्टोबरला युद्ध सुरू झाले होते आणि नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. हे दोन धागे खरोखर जोडलेले आहेत. २५ ऑक्टोबरच्या ‘प्रावदा’ या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्राने सीमाप्रश्नावर चीनच्या प्रस्तावांची बाजू उचलून धरली, क्युबाच्या संकटात मॉस्कोला चीनची साथ हवी होती. संयुक्त राष्ट्रांचे हंगामी सरचिटणीस ऊ थांट ऑक्टोबरअखेर हवानाला गेले तेव्हा त्यांचे लष्करी सल्लागार भारतीय सेनेचे इंदरजित रिखी होते. मराठीत या जोडणीवर अजून खूप लिहिता येईल. मात्र वृत्तपत्र हे “तेव्हा लोकांना काय माहीत होते” याचे साधन आहे. बंद दाराआड काय ठरले, यासाठी ते वापरू नका.

९. लिहिताना खात्रीच्या पायऱ्या ठेवा

प्रत्येक विधानापुढे शीटमध्ये चारपैकी एक शेरा मारा: निश्चित, बहुधा, वादग्रस्त, एकाच आठवणीवर आधारित. मजकुरातली क्रियापदे त्या शेऱ्याप्रमाणे ठेवा. “ज्युपिटर एप्रिल १९६३ मध्ये हलवली गेली” हे सरळ लिहा. “सावित्स्की यांनी टॉर्पेडो सज्ज करायला सांगितले, असे ऑर्लोव्ह सांगतात” यातले ‘असे ऑर्लोव्ह सांगतात’ गाळू नका, वाक्य कितीही जड झाले तरी.

तळटिपेत दस्तऐवजाची तारीख, संग्रहाचे नाव, मूळ भाषा आणि तुम्ही अनुवाद वाचला की मूळ, हे चारही द्या. पीडीएफ स्वतःकडे उतरवून ठेवा. एकाच कागदाच्या दोन प्रती वेगवेगळ्या वर्षी खुल्या झालेल्या असतात. एकीत काळ्या पट्टीने झाकलेली ओळ दुसरीत उघडी असते. तुम्ही कोणती प्रत पाहिली हे तुमच्यानंतर येणाऱ्याला कळायला हवे.